पहिली ते चौथीला कॉम्प्युटर शिकवताय? निदान या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिक्षण परिषदेला गेले, केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत गेले, की लहान मुलांच्या कॉम्प्युटरच्या तासाला त्याच त्या चुका दिसतात. काही मीही केल्या आहेत. त्यातली एक एका मुलाला फार महागात पडली. ती पुढे सविस्तर लिहिली आहे, कारण ती आजही जागोजागी होते आहे.

मुलाच्या हातातला माऊस घेऊ नका

चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू, वर्गात सव्वीस मुलं. एक मूल पडद्यावर बाण शोधत बसलंय, तास संपत आलाय, आणि आपला हात आपसूक पुढे जातो. "सरक, मी दाखवते." दोन क्लिकमध्ये काम होतं. मूल मात्र एवढंच शिकतं की हे बाईंना येतं, आपल्याला नाही.

मी तासाला हात पाठीमागे बांधून उभी राहते. एका मशीनवर चौघं बसवते. माऊस ज्याच्या हातात, त्याने बोलायचं नाही. काय करायचं ते शेजारच्याने सांगायचं. पाच मिनिटांनी माऊस पुढच्याकडे. "इथे, इथे" म्हणायला बंदी आहे. "वर उजव्या कोपऱ्यात फुली आहे, तिच्यावर" असं नीट सांगावं लागतं. गोंगाट होतो, तो होऊ द्या.

मॉनिटर, कीबोर्ड, सीपीयू यांची चित्रं वहीत काढून घेण्यात महिना घालवू नका. ज्या खोक्याला आपण सीपीयू म्हणतो तो मुळात सीपीयू नव्हेच. खरा सीपीयू आत बसवलेली लहानशी चौकोनी चिप असते. बंद पडलेलं एक मशीन उघडून दाखवा, एका तासात काम होतं.

मराठी लिहायला इंग्रजीच्या वाटेने पाठवू नका

या चुकीने माझा जीव तुटतो. बहुतेक जण मुलांना फोनेटिक टायपिंग देतात. एम, ए, झेड, ए दाबलं की पडद्यावर "माझा". आपल्याला ते सोपं वाटतं, कारण आपल्याला दोन्ही लिप्या येतात. दुसरीतल्या मुलाचे आत्ता कुठे काना-मात्रा पक्के होत असतात. त्याला स्वतःच्याच भाषेतलं अक्षर लिहायला आधी परक्या लिपीत स्पेलिंग जुळवायला लावायचं, हे मला पटत नाही. "लवकर जमतं" हे त्याचं समर्थन तर अजिबात पटत नाही.

इनस्क्रिप्ट वापरा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी केलेली कळांची मांडणी. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की मिळतो. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्ट धरलं की ख. ग-घ, त-थ, प-फ यांचंही तसंच. मुळाक्षरं शिकलेल्या मुलाला ही मांडणी ओळखीची वाटते. इंग्रजी डीच्या कळीवर पाय मोडायची खूण आहे: स, पाय मोड, त, की झाला "स्त". फळ्यावर जोडाक्षर जसं फोडून दाखवतो तसंच.

मुलं एका जागी हमखास अडतात. "कि" लिहिताना वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधीच दाबतात. आधी क, मग वेलांटी. हे पहिल्याच दिवशी सांगा. कळांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या सेलोटेपने चिकटवा. पहिले तीन आठवडे एक ओळ लिहायला अख्खा तास जाईल. तेवढा धीर नसेल तर टायपिंग शिकवायला घेऊ नका.

थोडक्यात आणखी काही

यूट्यूब थेट वर्गात लावू नका. व्हिडिओ संपला की पुढे काय येईल ते आपल्या हातात नसतं. आदल्या दिवशी शेवटपर्यंत बघून, शक्यतो दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं उतरवून ठेवा.

पासवर्डवर व्याख्यान नको. आमच्या वर्गात कुणी पासवर्ड टाकायला लागलं की बाकीचे फळ्याकडे तोंड करतात. मुलं आता घरी बाबा पिन टाकतानाही मान वळवतात.

"तुमच्या अकाउंटची सेटिंग्ज" शिकवू नका. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामची अटच किमान १३ वर्षांची आहे, आणि चौथीतलं मूल नऊ-दहा वर्षांचं. त्याच्या हातातला फोन बाबांचा असतो, त्यात बाबांची बँक असते, आणि किराणा आणायला हेच मूल तो घेऊन जातं. त्याला एवढं पक्कं सांगा: पैसे देताना पिन लागतो, येताना कधीच लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाक" म्हणालं की फोन ठेवायचा.

ऑनलाइन सुरक्षेच्या नावाखाली भीती घालू नका

माझी मोठी चूक ती हीच. काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी तासभर वर्तमानपत्रातली कात्रणं वाचून दाखवली. कुणाचे पैसे गेले, कुणाच्या फोटोचा गैरवापर झाला. शेवटी म्हणाले, "अनोळखी माणसाशी बोललात तर फोन कायमचा बंद, आणि पोलीस घरी येतील." वर्ग चिडीचूप बसला. मला वाटलं, तास छान झाला.

महिन्याभरात एका मुलाची आई शाळेत आली. पोरगं धड जेवत नव्हतं. बापाचा मोबाईल दोन दिवस सापडत नव्हता आणि शेवटी तांदळाच्या डब्यात सापडला. याने गेममध्ये भेटलेल्या कुणाला तरी शाळेच्या फलकासमोर काढलेला स्वतःचा फोटो पाठवला होता. गेममधली नाणी मिळणार होती. मग समोरच्याने बाबांच्या फोनवर आलेला ओटीपी मागितला, "नाहीतर तुझ्या शाळेत येऊन सांगतो." पोराने ओटीपी दिला नाही. पण अकरा दिवस कुणाला काही सांगितलंही नाही. का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणालात पोलीस येतील."

ते वाक्य मी विसरलेले नाही. त्या माणसाने धमकावलं खरं, पण मुलाचं तोंड माझ्या तासाने बंद केलं होतं.

वडील तापले होते, फोनमधलं सगळं पुसायला निघाले होते. हीसुद्धा नेहमीची चूक. पुसलं की पुरावा जातो. आम्ही आधी स्क्रीनशॉट काढले, मग त्या माणसाला ब्लॉक केलं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेले असतील तर तक्रारीआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं बरं. मूल संकटात असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आता माझा पहिला धडा एका कृतीचा असतो. विचित्र काही दिसलं की फोन पालथा ठेवायचा आणि मोठ्या माणसाकडे न्यायचा. मुलं ते वर्गात पाटी घेऊन करून बघतात. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक जण तीन मोठ्यांची नावं लिहितो: आई, आत्या, आजोबा, जे असेल ते. आणि पालकसभेत मी पालकांकडून, मुलांच्या समोर, एक वाक्य म्हणवून घेते: "तू येऊन सांगितलंस तर मी रागावणार नाही." काहींना ते जड जातं. तरी म्हणायला लावते.

आधी आपले फोटो थांबवा

त्या मुलाने शाळेच्या फलकासमोरचा फोटो का पाठवला, याचा मी पुष्कळ विचार केला. तो त्याने आमच्याकडूनच शिकला होता. वाढदिवस, पोषण आहार, बक्षीस, प्रत्येक वेळी आम्ही मुलाला त्या फलकाखाली उभं करायचो आणि पूर्ण नाव, इयत्ता लिहून फोटो ग्रुपवर, स्टेटसवर टाकायचो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मुलांना सांगायचं एक आणि स्वतः करायचं दुसरं, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

मी आता मुलांचे हात, चित्रं, पाठमोरा वर्ग एवढेच फोटो काढते. नाव लिहीत नाही. आणि काढायच्या आधी मुलाला विचारते, "काढू का?" परवा दुसरीतली एक मुलगी "नको" म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि आम्ही पुढचा धडा काढला.