महारेराचा एजंट नंबर घेण्याआधी

महाराष्ट्रात इस्टेट एजंटचं काम सुरू करायचं असेल, तर नोंदणी कोणाच्या नावावर घ्यायची हे आधी ठरवा. एकट्या व्यक्तीला महारेराचं (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं) शुल्क 10,000 रुपये पडतं, भागीदारी किंवा कंपनी असेल तर 1,00,000. नुकती सुरुवात करणाऱ्याने स्वतःच्या नावावरच घ्यावी, असं माझं मत आहे.

मग प्रशिक्षण. 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. वर्ग 20 तासांचा असतो, परीक्षा ऑनलाइन होते आणि मराठीतूनही देता येते. पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय नोंदणीचा अर्ज पुढे सरकत नाही.

खरा वेळ द्यायचा तो अभ्यासाला, कारण ज्याला आपण घर दाखवणार आहोत त्याची आयुष्यभराची कमाई त्यात अडकलेली असते. चटईक्षेत्राची (घरातल्या वापरण्याजोग्या जागेची, म्हणजे कार्पेट एरियाची) व्याख्या तोंडपाठ करू नका, एखाद्या फ्लॅटचा नकाशा समोर घेऊन स्वतः मोजा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. करारनामा केल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्यातलं (स्थावर मालमत्ता कायद्यातलं) कलम 13 पक्कं करा. बुकिंगच्या टेबलावर सगळ्यात जास्त गरज याचीच पडते. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताब्यानंतर 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते, ताबा लांबला तर ग्राहकाला व्याज किंवा परतावा मागता येतो. हे सगळं ग्राहकाला साध्या मराठीत सांगता यायला हवं. सरावासाठी आपल्याच भागातला एखादा प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर उघडा आणि जमिनीच्या मालकीचा अहवाल, बोजा (जमिनीवरचं कर्ज वगैरे), चालू खटले, मंजूर नकाशे, ताब्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख असं सगळं वाचून काढा. असे चार-पाच प्रकल्प वाचले की परीक्षेची भीती राहत नाही.

कागद एकाच फाइलमध्ये लावा: पॅन, आधार, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा, मागच्या 3 वर्षांची आयकर विवरणपत्रं. लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुनाही द्यावा लागतो. बरेचजण तो शेवटच्या दिवशी छापायला टाकतात. तुम्ही आधीच करून घ्या, आणि त्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय ना, ते बघा. आपल्यावर कुठला खटला चालू असेल तर लपवू नका.

नंबर येईपर्यंत महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं एकही बुकिंग करू नका, मित्राच्या नंबरवर तर नाहीच. विनानोंदणी काम केलं तर दंड दिवसाला 10,000 रुपये असतो आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जो प्रकल्प नोंदवायला हवा होता पण नोंदलेला नाही, तो कितीही ब्रोकरेज मिळालं तरी विकायचा नाही.

नंबर मिळाला की प्रमाणपत्र ऑफिसात दिसेल असं लावा. पाटी, कार्ड आणि प्रत्येक जाहिरातीत नंबर टाका. पहिल्या व्यवहारापासून हिशेबाची वही ठेवा. नोंदणी 5 वर्षांची असते, म्हणून नूतनीकरणाची तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दोन-तीन महिने आधीच कामाला लागा.