आदाम-हव्वेच्या पतनाची कथा कशी वाचावी

पतनाची, म्हणजे पहिल्या स्त्री-पुरुषांनी देवाची आज्ञा मोडल्याची कथा बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात असली, तरी वाचनाला सुरुवात दुसऱ्या अध्यायापासून करावी, कारण बऱ्यावाइटाचे ज्ञान करून देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नये ही आज्ञा तेथे आहे आणि तिच्याआधी बागेतील इतर झाडांची फळे यथेच्छ खाण्याची मुभाही आहे. ती मुभा नजरेआड केली की देव केवळ अडवणूक करणारा वाटू लागतो, आणि सर्प हव्वेच्या मनात नेमके हेच भरवत असतो.

चित्रांमुळे डोक्यात बसलेल्या गोष्टी बाजूला ठेवाव्यात. कथेत सफरचंद नाही. सर्प म्हणजे सैतान ही ओळखही पुढे ‘प्रकटीकरण’ या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात येते.

सर्वांत सावकाश वाचावीत ती सातव्यापासून तेराव्यापर्यंतची वचने. दोघे अंजिराची पाने शिवून अंग झाकतात, देवाची चाहूल लागताच झाडांआड लपतात, आणि देवाने जाब विचारताच आदाम हव्वेकडे बोट दाखवतो. तेही ‘तू मला दिलेली स्त्री’ असे म्हणून, म्हणजे दोषाचा काही वाटा देवाच्याच माथी मारून. हव्वा सर्पाचे नाव घेते. फळाच्या घासापेक्षा या टोलवाटोलवीत पतन अधिक उघडे पडते, असे मला वाटते. शाप सर्पाला आणि भूमीला मिळतो. आदाम-हव्वेच्या वाट्याला कष्ट, वेदना व मरण येते, पण बागेबाहेर घालवण्याआधी देवच त्यांना चामड्याची वस्त्रे घालतो.

मग बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडावा. एकाच्या आज्ञाभंगाने पाप व मरण आले आणि एकाच्या आज्ञापालनाने जीवन, अशी आदाम व ख्रिस्त यांची जोडी पौल तेथे लावतो. ख्रिस्ती श्रद्धेत या कथेला आलेले वजन मुख्यतः या जोडीमुळे आहे. यहुदी धर्मग्रंथातही हीच कथा आहे, पण त्या परंपरेत ख्रिस्ती अर्थाने आदिपापाचा, म्हणजे या पहिल्या पापाचा परिणाम सर्व माणसांवर होतो असा, सिद्धांत नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने (354–430) आदामाचा दोष वंशपरंपरेने सर्वांकडे येतो असे मांडले आणि 1546 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने आदिपापाची कॅथलिक शिकवण निश्चित केली. पूर्वेकडील ख्रिस्ती चर्चची ऑर्थोडॉक्स परंपरा मात्र वारशाने दोष नव्हे, तर मर्त्यता आणि पापाकडे ओढ येते असे सर्वसाधारणपणे मानते. म्हणून कोणतेही विवेचन हाती घेताना लेखक कोणत्या परंपरेतला आहे, हे आधी पाहावे.

मराठी ओव्यांतून वाचायचे असल्यास गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले, 1616 मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ आहे. त्याच्या पहिल्या पुराणात पतन आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र येते. दोन्ही वाचावीत, पहिल्यावर थांबू नये.