आवडती विनोदी कादंबरी दुसऱ्याला सुचवताना या चुका टाळा

इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांची ‘मॉर्ट’ ही १९८७ सालची कादंबरी गेल्या पंधरा वर्षांत मी अनेकांच्या हाती दिली आहे. साक्षात मृत्यूला हाताखाली एक उमेदवार हवा असतो आणि तो मजुरांच्या बाजारातून, कोणीही कामावर न घेतलेला एक शेतकऱ्याचा मुलगा निवडतो, अशी तिची सुरुवात आहे. पुस्तक उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही आमच्या वाचनकट्ट्यावर ते न वाचता परत आले, असे अनेकदा घडले आणि बहुतेक वेळा चूक सुचवणाऱ्याचीच होती. त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून मन विटले आहे, म्हणून त्या येथे नोंदवतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे मालिका पहिल्या पुस्तकापासून वाचायला लावणे. ‘मॉर्ट’ ज्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतील आहे, तिच्यात ४१ कादंबऱ्या आहेत; पहिली १९८३ मध्ये आली आणि शेवटची २०१५ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर. एवढी मोठी मालिका म्हटल्यावर क्रमानेच वाचली पाहिजे, असे कोणालाही वाटते. मलाही तसेच वाटले होते. माझ्या परिचयातील एका निवृत्त मराठी शिक्षकांना मी मोठ्या उत्साहाने पहिले पुस्तक, ‘द कलर ऑफ मॅजिक’, दिले आणि सोबत ४१ नावांची यादीही स्वहस्ते लिहून दिली. पंधरा दिवसांनी त्यांनी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक परत आणून दिले आणि शांतपणे म्हणाले, “लिहिणारा हुशार आहे, पण तो थट्टा कोणाची करतो आहे, तेच मला कळले नाही.”

त्यांचे निदान अचूक होते. ते पहिले पुस्तक म्हणजे तलवारबहाद्दर आणि जादूगार यांच्या त्या काळच्या लोकप्रिय इंग्रजी कथांचे विडंबन आहे. ज्याने मूळ कथा वाचलेल्याच नाहीत, त्याच्यापुढे विडंबन ठेवणे म्हणजे ज्याने आयुष्यात कधी कीर्तन ऐकले नाही, त्याला कीर्तनकाराची नक्कल करून दाखवण्यासारखे आहे. त्यात ती कथा पहिल्या पुस्तकात संपतही नाही. ती पूर्ण होण्यासाठी १९८६ चे दुसरे पुस्तक वाचावे लागते. याउलट चौथ्या पुस्तकात, म्हणजे ‘मॉर्ट’मध्ये, विनोदाचा विषय मृत्यू, नोकरी, बाप-लेक आणि पहिले प्रेम हा आहे. यासाठी कोणालाही पूर्वतयारी लागत नाही. जग एका कासवाच्या पाठीवरील चार हत्तींवर तोललेले आहे, एवढे सांगितले की पुरते आणि दिग्गजांच्या व कूर्माच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला तेही फारसे परके वाटत नाही. म्हणून मी नवख्या माणसाला आता यादी देत नाही, एकच पुस्तक देतो. पोलिसी कथा आवडणाऱ्याला १९८९ चे ‘गार्ड्स! गार्ड्स!’ आणि श्रद्धा व धर्मसत्ता यांवर वाद घालायला आवडणाऱ्याला १९९२ चे ‘स्मॉल गॉड्स’ द्यावे. तिन्ही स्वतंत्रपणे वाचता येतात.

दुसरी चूक म्हणजे विनोद मराठीत करून सांगणे. एकच उदाहरण देतो. इंग्रजीत एखादा पदार्थ खाण्याची अनावर इच्छा झाली की त्या पदार्थाचा ‘मर्डर’ करण्याची भाषा बोलली जाते. या कादंबरीत ती भाषा करीच्या संदर्भात खुद्द मृत्यूच्या तोंडी येते. मराठीत आपण जेवणावर तुटून पडतो किंवा ताव मारतो, त्यामुळे भाषांतर होताक्षणी विनोद नाहीसा होतो. शिवाय मृत्यूचे बोलणे छापताना अवतरणचिन्हे नसतात, सगळी अक्षरे लहान आकाराच्या कॅपिटल लिपीत असतात आणि तो आवाज वाचकाच्या डोक्यात घुमतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नसल्याने तोंडी किंवा लेखी, कोणत्याही मार्गाने ती गंमत पोहोचवता येत नाही. निवडक विनोद सांगण्याऐवजी मी पहिली दहा पाने समोर बसून वाचायला देतो आणि त्या वेळी स्वतः गप्प राहतो.

“हे म्हणजे इंग्रजीतले पु. ल.” असे कधीही म्हणू नये. ऐकणारा ‘बटाट्याची चाळ’ शोधत राहतो आणि दोन्ही लेखकांवर अन्याय होतो. जादू आहे म्हणून पुस्तक लहान मुलांचे ठरवू नये. हसून पोट दुखेल, असे वचनही देऊ नये.

सारांशाचे व्हिडिओ पाहून कादंबरी “झाली” म्हणणाऱ्यांविषयी मला तीव्र नापसंती आहे. या कादंबरीतील बरीचशी मौज तळटीपांत आणि वाक्यांच्या वळणांत असते, ती सारांशात उरणे शक्य नाही. याच कारणासाठी मी छापील प्रत देतो, कारण ई-पुस्तकात तळटिपा अनेकदा शेवटी ढकललेल्या असतात आणि नवखा वाचक त्या सोडून देतो. पुस्तकात प्रकरणे नाहीत, हेही आधीच सांगावे. रोज रात्री एक प्रकरण वाचण्याची सवय असलेला माणूस थांबायला जागा न सापडल्याने कंटाळतो आणि दोष पुस्तकाला देतो.

शेवटची चूक नाजूक आहे. घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर हे पुस्तक न विचारता देऊ नये. त्यातील मृत्यू क्रूर नाही. त्याला मांजरे आवडतात आणि आपल्या पांढऱ्या घोड्याचे नाव त्याने बिंकी ठेवले आहे. मृत्यू जवळ आलेल्या वाचकांची पत्रे आपल्याला येतात, असे स्वतः प्रॅचेट यांनी सांगितले होते. परंतु हा दिलासा कोणावर लादता येत नाही. विषय काय आहे ते स्पष्ट सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा.

त्या शिक्षकांच्या पत्नी त्यानंतर वारल्या. वर्षभराने त्यांनीच विचारले, तेव्हा मी विषय सांगून ‘मॉर्ट’ दिले. या वेळी पुस्तक परत आले, ते आत एक चिठ्ठी घेऊन. आपला यम न्याय करतो, चित्रगुप्त हिशेब ठेवतो; येथे मात्र प्रत्येकाच्या आयुष्याचे वाळूचे घड्याळ आहे, पण निवाडा कोठेच नाही, हा मृत्यू केवळ आपले काम करतो, असे त्यांनी लिहिले होते आणि त्यावर बोलायला रविवारी सकाळी घरी बोलावले होते.