क्रीम रंग लावताय? या चुका टाळा

"फार डोकं नको लावायला, साधा क्रीम मारून टाका." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. गडद निळा लावणारा माणूस शेड कार्ड घरी नेतो, चार जणांना विचारतो, रात्री उठून भिंतीकडे बघतो. क्रीमवाला यातलं काहीच करत नाही. क्रीममध्ये चुकण्यासारखं काय असणार, असं त्याला वाटतं. मी वीस वर्षं रंगाची कामं घेतोय. सगळ्यात जास्त वेळा परत मारावा लागलेला रंग क्रीमच.

पूर्वी चुन्यात मूठभर पिवडी टाकली की झाला क्रीम. थोडी कमी पडली तर फिका, जास्त पडली तर पिवळा, आणि कुणाची तक्रार नसायची, कारण घरात उजेड एका पिवळ्या बल्बचा. आता कार्ड उघडलं की क्रीमच्याच डझनभर छटा निघतात. एक गुलाबीकडे झुकलेली, एक हिरव्याकडे, एक राखाडीकडे. कार्डावरच्या काडेपेटीएवढ्या चौकोनात हे झुकणं कळत नाही. चार भिंती झाल्या की कळतं.

दुकानात उभं राहून शेड ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही सख्ख्या बहिणीच्या घरी. ताईचं डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. तिने फोनवर विचारलं, कुठला क्रीम घेऊ? मी दुकानातूनच सांगितलं, "अगं, हा घे, दहा घरांत लावलाय मी." हॉलचे दोन हात झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "अरे, भिंतींवर शेवाळ आल्यासारखं दिसतंय."

जाऊन बघतो तर खरंच हिरवट. मी आधी दुकानदाराला झापलं, मशीनमध्ये कोड चुकला म्हणून. त्याने डब्याचं झाकण उघडून रंगाचा ठिपका कार्डावर टेकवला. तंतोतंत तोच. मग मी शहाणपणा केला आणि जरा गुलाबीसर, जास्त उबदार शेड आणून तीन भिंती पुन्हा मारल्या. चौथी उद्या करू म्हटलं. दिवसा बरं दिसलं. रात्री दिवे लागले आणि हॉल आंब्याच्या मिल्कशेकने धुतल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी दाजी बाल्कनीतली हिरवी जाळी धुवायला काढत होते, कबुतरांनी ती भरवली होती म्हणून. उन्हासाठी लावलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉलमध्ये दिवसाचा सगळा उजेड त्या जाळीतूनच गाळून येत होता. जाळी खाली आली आणि राहिलेली चौथी भिंत, जुन्या शेडची, माझ्या डोळ्यांसमोर क्रीम झाली. सुरेख, मऊ क्रीम. दाजी काही बोलले नाहीत. जाळी हातात धरून नुसते माझ्याकडे बघत राहिले. पुढचे दोन डबे माझ्या खिशातून.

तेव्हापासून माझी एकच सवय. सँपलचा छोटा डबा आणायचा, जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात द्यायचे, रात्रभर वाळू द्यायचं, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग, वाळल्यावर किंचित गडद होतं. मग तो कागद घरभर फिरवायचा. सकाळी, दुपारी चारला, रात्री दिवे लावून. फरशीला टेकवून, सोफ्यामागे धरून. खिडकीबाहेर काय आहे तेही बघायचं. समोर आंब्याचं झाड असेल किंवा शेजारच्या इमारतीचा विटकरी रंग असेल, तर तो तुमच्या भिंतीवर येणारच. थेट जुन्या भिंतीवर पट्टा मारून बघू नका. भिंत गुलाबी असेल तर तिच्यावरचा चांगला क्रीमही हिरवट वाटतो.

आणि दिवे आधी ठरवा. लोक रंग आधी लावतात आणि मग बल्ब बदलत बसतात. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे पांढराफटक निळसर उजेड, त्यात उबदार क्रीम मळलेल्या बनियनसारखा दिसतो. ३००० च्या आसपासचा उजेड क्रीमला मानवतो. पण दिवे २७०० चे असतील किंवा खोली पश्चिमेची असेल, तर जास्त पिवळा शेड उचलू नका, संध्याकाळी खोली हळदीला बसते. उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत मात्र थोडा पिवळेपणा चालतो, नव्हे, लागतोच.

दिवाळीच्या आधी उरकून द्या

दरवर्षी ऑक्टोबरात हे फोन. चार महिने भिंतींनी पाणी प्यायलेलं असतं आणि आमच्याकडून आठवड्यात चकाचक घर हवं असतं. गडद रंगावर ओलीचा डाग थोडाफार लपतो. क्रीमवर चहा सांडल्यासारखं तपकिरी वर्तुळ उमटतं आणि पाहुण्यांची नजर तिथेच जाते.

एका घरी बाथरूमच्या पाठीमागची भिंत हाताला गार लागत होती. मी सांगितलं, पंधरा दिवस थांबा. त्यांनी दुसरा रंगारी आणला. त्याने पत्र्याने वरवर खरवडलं, पुट्टी भरली आणि मोकळा झाला. लक्ष्मीपूजनाला भिंत देखणी होती. संक्रांतीला कपाटामागून पोपडे पडायला लागले, खाली पांढरा क्षार. मग मलाच बोलावलं. "वॉटरप्रूफ काहीतरी मारा ना वरून," हे वर. आतून ढकलणाऱ्या पाण्याला वरून रंगाने काय अडवणार? पाणी येतं बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून, बाहेरच्या प्लॅस्टरच्या भेगेतून, गच्चीतून. आधी ते बंद करा, मग भिंत वाळू द्या, मग मला बोलवा.

शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि एक दिवस सोडा. भिंतीकडच्या बाजूला बाष्प जमलं तर रंग लावायचा नाही, मुहूर्त असो वा नसो. नवीन प्लॅस्टरला किमान २८ दिवस द्यावेच लागतात. चावी मिळाली की दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावणाऱ्यांशी मी आता वाद घालणं सोडलंय.

बाकीच्या, थोडक्यात

निळसर पांढरं छत आणि खाली क्रीम भिंत असं करू नका, भिंत धुरकट दिसते. छताला मोतिया पांढरा द्या. पांढरेशुभ्र स्विचबोर्डही असेच खुपतात, पण तिथे मी हार मानली आहे.

भिंत खडबडीत असेल तर चकाकणारा फिनिश घेऊ नका. ट्यूबलाइट लागली की पुट्टीचा प्रत्येक फटकारा दिसतो. स्वयंपाकघरात मात्र धुता येईल असाच रंग घ्या, फोडणी क्रीमला सोडत नाही.

भिंत आधी जांभळी किंवा लाल असेल तर प्रायमर टाळू नका. क्रीम तिसऱ्या हातालाही ती झाकत नाही.

रंग कमी आणून पाणी वाढवू नका. किती पाणी घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. दोन हातांना लिटरमागे साधारण ६० ते ७० चौरस फूट धरा. १० बाय १२ च्या खोलीच्या चार भिंतींना सहा लिटरच्या आसपास लागतो. सगळा एकदम आणा आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. मागाहून आणलेला डबा कोड तोच असूनही केसभर वेगळा निघतो, आणि तो केस बरोबर हॉलच्या मधोमध येतो.

दरवाज्यांना क्रीम ऑइलपेंट देऊ नका. तो हळूहळू पिवळा पडतोच, आणि कपाटाआड, जिथे उजेड पोहोचत नाही, तिथे आणखी पिवळा पडतो.

उरलेला पावशेर रंग जॅमच्या बाटलीत भरा आणि वर शेडचा कोड, खोली, तारीख लिहा. टचअप करताना भिंतीला रोलर मारला असेल तर इथेही छोटा रोलरच वापरा, ब्रशचा ठिपका दुरून दिसतो. ताईकडे अशी बाटली आहे. तिच्यावर दाजींनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "जाळी काढून बघणे."