बारचार्ट एकाकडे, हजेरी दुसऱ्याकडे: साइटवर मजुरी वाया घालवणाऱ्या चुका

बारचार्ट (कोणतं काम कोणत्या दिवशी, ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये आणि हजेरी मुकादमाच्या वहीत, म्हणून सोमवारी १६ सुतार रिकामे बसतात नि शुक्रवारी नाक्यावरून माणसं उचलावी लागतात. दोन्ही एकाच शीटवर आणा. प्रत्येक कामाच्या पट्टीखाली त्या दिवशी लागणारे सुतार, फिटर (सळई बांधणारे), बिगारी वेगवेगळ्या ओळीत लिहा. ‘एकूण लेबर ४०’ या आकड्याला काही अर्थ नाही, कारण सुतार सळई बांधत नाही.

सगळ्यात महाग चूक म्हणजे दोन्ही विंगचे स्लॅब एकाच वेळी सुरू करणं. समजा, एका स्लॅबचं सेंट्रिंग (काँक्रीट भरण्याआधी उभारायचा साचा) ४०० चौ.मी. आहे आणि सुतार-हेल्परची एक जोडी दिवसाला १० चौ.मी. करते. (हा आकडा आपल्याच साइटच्या मागच्या दोन स्लॅबवरून काढा, ठेकेदाराच्या तोंडून नव्हे.) म्हणजे ४० जोडी-दिवस, ८ जोड्यांना ५ दिवस. स्लॅबचं चक्र १२ दिवसांचं असेल, तर दोन्ही विंगना मिळून १६ जोड्या लागतात आणि पुढचे ७ दिवस त्यांना सेंट्रिंगचं काम नसतं: ११२ जोडी-दिवस रिकामे. ‘बी’ विंग ६ दिवस मागे ठेवली, तर त्याच ८ जोड्या दोन्हीकडे पुरतात आणि रिकामे राहतात फक्त १६ जोडी-दिवस. कॉलमसाठी दोन जोड्या वेगळ्या धरा, नाहीतर हे गणित तिथेच फसतं.

माणसं आहेत, चार्टही बरोबर आहे, तरी काम अडलंय? आधी टेकू मोजा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस काढता येत नाहीत. ४.५ मीटरहून मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबलाही तेच. मग १२ दिवसांचं चक्र टेकूंच्या एका संचावर चालणारच नाही. (मुदत ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटची आहे, फ्लाय-अ‍ॅश मिसळलेलं पीपीसी असेल तर डिझायनरला विचारून वाढवा.) अशा वेळी जोड्या वाढवल्या, तर फक्त बसणाऱ्यांची संख्या वाढते.

फिटरचं रिकामपण वेगळ्या कारणाचं. सेंट्रिंगच्या प्लेटा बसेपर्यंत त्यांना वर जाता येत नाही. त्या दिवसांत पुढच्या स्लॅबचं कटिंग-बेंडिंग खाली उरकून घ्या. त्यासाठी बीबीएस (सळयांच्या मापांची यादी) मात्र आधी हातात हवं.

ओव्हरटाइमची मजुरी कायद्याने दुप्पट. जादा ३ तासांना ६ तासांचे पैसे जातात, तेव्हा ते ज्या कामामुळे स्लॅबची तारीख लांबते त्यावरच खर्च करा. प्लास्टरला आठवड्याची सवड असताना रात्री दिवे लावून प्लास्टर कशाला?

खर्चीच्या (मजुरांना खर्चासाठी दिलेल्या उचलीच्या) दुसऱ्या दिवशी खाडे होतात; त्या दिवशी स्लॅब भरू नका. बिहार-यूपीचे मजूर दिवाळीआधी निघतात, ते छठ करूनच परततात. त्या आठवड्यांत हजेरी निम्मी धरूनच तारखा लिहा.