ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो: जुन्या पिकअपच्या अर्थिंगचा माझा अनुभव
जुन्या पिकअपचा हौदा घरीच रंगवून पुन्हा चेसिसवर बसवल्यानंतर ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटू लागला. बल्ब, फ्यूज आणि फ्लॅशर बदलण्यात दोन रविवार वाया गेले.

अखेर मुलाला ब्रेक दाबून बसवले आणि मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी दिव्याच्या पत्र्याला लावली, ०.२ व्होल्टच्या आत हवे होते तिथे ३.४ व्होल्ट दिसले, म्हणजे अर्थिंग (दिव्यातली वीज हौदा-चेसिसच्या लोखंडातून बॅटरीकडे परतण्याची वाट) रंगाखाली दबले होते आणि ब्रेकच्या दिव्याची वीज इंडिकेटरच्या बल्बमधून परतत होती.

मग प्रथम बॅटरीची ऋण वायर काढली, अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग हौदा आणि चेसिस अशा दोन्हीकडे रुपयाएवढा घासून लखलखीत लोखंड उघडे केले, नवे रिंग टर्मिनल दातेरी वॉशरसह आवळले आणि त्यानंतरच वरून रंगाचा हात दिला (आधी दिल्यास पुन्हा तेच). आता ०.०५ व्होल्ट येतात.