दुबईत बारटेंडर म्हणून जाताय? या चुका टाळा

दुबईतील हॉटेलांच्या बारमध्ये मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि आता नव्या मुलांच्या मुलाखती व ट्रायल शिफ्ट घेण्याचे कामही माझ्याकडे असते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणांहून आलेली आपली मुले समोर उभी राहिली की मनापासून बरे वाटते. परंतु त्यांतील बरीच जण त्याच त्या चुका करून आलेली असतात आणि त्यांची किंमत घरच्यांना गहाण ठेवलेल्या दागिन्यांतून मोजावी लागते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणूनच ते वारंवार पाहणे मला सहन होत नाही.

‘आधी व्हिजिटवर जाऊ, पुढचे पुढे पाहू’

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. व्हिजिट व्हिसावर येऊन मुलाखती देणे वेगळे आणि बारमागे उभे राहून काम सुरू करणे वेगळे. वर्क परमिट हातात येण्याआधी एक दिवस काम करणेही संयुक्त अरब अमिरातीत बेकायदा आहे आणि २०२४च्या कायदेदुरुस्तीनंतर, परमिटशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम इतका दंड होऊ शकतो. नावाजलेले हॉटेल हा धोका पत्करत नाही, आणि जो मालक तो पत्करतो, तो तुमचा पगार बुडवतानाही फारसा विचार करणार नाही.

साताऱ्याकडचा एक तरुण माझ्याकडे ट्रायलसाठी आला होता. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा होता, हात स्वच्छ होता, बोलणे नम्र होते. गावाकडच्या एका एजंटने त्याच्याकडून दीड लाख रुपये घेतले होते आणि शारजातील एका हॉटेलच्या लेटरहेडवर ‘बारटेंडर’ या पदाचे पत्र दिले होते. शारजा अमिरातीत हॉटेलांना दारू विकण्याची परवानगीच नाही. एवढी एक गोष्ट कोणाला विचारली असती तरी ते पत्र खोटे असल्याचे घरबसल्या कळले असते. येथे उतरल्यावर त्याला एका कॅफेत भांडी धुण्याच्या कामाला लावले गेले, पासपोर्ट ‘व्हिसाच्या कामासाठी’ म्हणून काढून घेतला आणि पगार आज देतो, उद्या देतो असे सांगत लांबवला. तोवर व्हिजिटची मुदत संपली आणि रोज ५० दिरहम दंड चढू लागला. मला तो मुलगा हवा होता, परंतु पासपोर्ट हातात नाही, मुदत उलटलेली, अशा स्थितीत आमच्या एचआर विभागाने फाईल पुढे नेण्यास नकार दिला. शेवटी गावाकडून पैसे मागवून, दंड भरून तो परत गेला. एजंटाकडे नोंदणीच नव्हती, त्यामुळे तक्रार करून काही हाती लागले नाही.

माझी पद्धत साधी आहे आणि मी ती प्रत्येकाला सांगतो. एजंटचे नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत दिसले नाही, तर त्याच्या कार्यालयात चहासुद्धा घेऊ नये. नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. उलट अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हेही बेकायदा आहे, मग कारण कितीही गोड सांगितलेले असो. जहाजावरील बारसाठी निघालेल्यांनी एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा परवाना आहे की नाही, हे नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासावे. तेथे नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणेच निषिद्ध आहे. ‘ओळखीचा माणूस आहे, फसवणार नाही’ हे वाक्य मी फसलेल्या माणसांच्याच तोंडून सर्वाधिक ऐकले आहे.

एकूण पगार पाहणे आणि मूळ पगार न पाहणे

ऑफर लेटर हाती आले की मुले सर्वांत खालचा आकडा रुपयांत गुणून घरी कळवतात. मी आधी मूळ पगाराची ओळ शोधतो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजली जाते: एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. एकूण पगार २५०० दिरहम असेल आणि त्यात मूळ पगार १००० असेल, तर वर्षाला ७०० दिरहम जमा होतात. मूळ पगार २००० असेल, तर तेवढ्याच एकूण पगारावर १४०० होतात. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचे अधिकृत ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकते. ते मागून घ्यावे, शांतपणे वाचावे आणि पुढे येणारा करार त्याच्याशी ओळीने ओळ ताडून पाहावा. राहण्याची खोली किती जणांत आहे, शिफ्ट संपल्यावर रात्री गाडी मिळते का आणि सर्व्हिस चार्ज कर्मचाऱ्यांत वाटला जातो की मालकाकडेच राहतो, हे प्रश्न विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

बाटल्या हवेत उडतात, बर्फ मात्र कळत नाही

अकादमीतून बाहेर पडलेली मुले फ्लेअरचे व्हिडिओ घेऊन येतात. बाटली फिरवणे ही कला आहे आणि मला ती आवडते. परंतु ट्रायल शिफ्टमध्ये मी सर्वांत आधी बर्फाकडे जाणारा हात पाहतो. बर्फ काढण्यासाठी स्कूप असतो, तो बर्फात खोचून ठेवायचा नसतो आणि ग्लास बर्फात बुडवून भरायचा तर कधीच नसतो. हे सर्वांना शिकवलेले असते. तरीही गर्दी वाढली की दोन सेकंद वाचवण्यासाठी ग्लास थेट बर्फात जातो.

एका शुक्रवारी रात्री, काउंटरवर तीन रांगा असताना, ट्रायलवरील एका मुलाने हायबॉल ग्लास बर्फात खुपसला आणि त्याच्या काठाचा टवका उडाला. त्याने दिसलेला तुकडा बोटांनी उचलून कचऱ्यात टाकला, दुसरा ग्लास घेतला आणि त्याच बर्फातून ड्रिंक भरायला सुरुवात केली. मी शेजारीच उभा होतो, म्हणून तो ग्लास पाहुण्यासमोर जाण्याआधी थांबवता आला. काचेचा बारीक तुकडा आणि बर्फाचा तुकडा दिव्याखाली वेगळे ओळखता येत नाहीत. घशात गेल्यावर मात्र फरक कळतो. आम्ही त्या वेलवर, म्हणजे काउंटरमागच्या बर्फाच्या खणात, ग्रेनेडाइनचा लाल पाक ओतला, म्हणजे घाईत दुसरे कोणी त्यातला बर्फ घेणार नाही, शेजारची लिंबे व पुदिना फेकून दिला, गरम पाणी टाकून सगळा बर्फ वितळवला, तळ पुसून कापड दिव्याखाली तपासले आणि मगच नवा बर्फ भरला. तोवर अर्धा बार बंद होता. पाहुणे चिडले, मॅनेजर चिडले, आणि तरीही तेच योग्य होते. त्या मुलाला मी घेतले नाही. ग्लास कोणाच्याही हातून फुटतो. फुटल्यावर तो काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुढे चालू लागला, हे मला चालण्यासारखे नव्हते.

घरी सराव करायचा असेल तर बाटली फेकण्याआधी स्टीलच्या टोपात बर्फ घ्या आणि फक्त स्कूपने, न सांडता, शंभर ग्लास भरून पाहा. कंटाळवाणे आहे, याची मला कल्पना आहे. ज्याला याचा कंटाळा येतो, त्याला बारमागच्या रोजच्या दहा तासांचाही येईल.

जिगर (दारू मोजण्याचे छोटे माप) न वापरणे

आपल्याकडे हात ३० आणि ६० मिलीच्या पेगला सरावलेला असतो, त्यामुळे ‘मला अंदाज आहे’ असे मुले आत्मविश्वासाने सांगतात. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीप्रमाणे निग्रोनी या कॉकटेलला तिन्ही घटक प्रत्येकी ३० मिली लागतात, परंतु मार्गारिटाला ५०, २० आणि १५ मिली, आणि डायकिरीत ६० मिली रमला २० मिली लिंबाचा रस. वीस आणि पंधरा यांतील फरक हाताच्या अंदाजाने सांभाळला जात नाही, जिभेला मात्र लगेच कळतो. शिवाय महिनाअखेरीस स्टॉक मोजला जातो, तेव्हा बाटलीतील तूट कोणाच्या शिफ्टमध्ये आली, हेही पाहिले जाते. मी आजही प्रत्येक ड्रिंक जिगरने मोजतो आणि जिगर काठापर्यंत भरून थेट शेकरवर धरून ओततो, म्हणजे एक थेंबही बाहेर जात नाही.

बारबॅक (बारटेंडरचा मदतनीस) म्हणून सुरुवात करण्यात कमीपणा मानणे

मुंबईत दोन वर्षे बारटेंडर होतो, आता क्रेट उचलू का, असे विचारणारा मुलगा नंतरही फार पुढे गेलेला मी पाहिलेला नाही. कोणती बाटली कोठे असते, किती साठा ठेवायचा, कोणता सिरप कधी संपतो, कोणत्या पाहुण्याला काय आवडते, हे सगळे बारबॅक असतानाच कळते. सहा महिन्यांत हेड बारटेंडर करण्याचे आश्वासन देणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नयेत. तेच पैसे इंग्रजी संभाषण आणि वाइनचे मूलभूत शिक्षण यांवर घालावेत.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. वय विचारायला लाजू नका. कडक दारूसाठी महाराष्ट्रात २५, गोव्यात १८, तर दुबईत २१ हे वय आहे आणि चेहरा पाहून ठरवण्याची सवय येथे नोकरी घालवते. पाहुण्याने आग्रह केला तरी ड्युटीवर पिऊ नका. व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे आणि एचआयव्हीची रक्तचाचणी असते, म्हणून पूर्वी क्षयरोग झाला असेल तर कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा. प्रमाणपत्रांचे अटेस्टेशन (अधिकृत साक्षांकन) भारतातच करून घ्या, येथून ते करणे त्रासाचे आणि महाग असते. पहिल्या पगारापासून सगळा पैसा घरी पाठवू नका. निदान परतीच्या तिकिटाएवढी रक्कम बाजूला ठेवा.

प्रोबेशनमध्ये, जो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असू शकतो, रुसून नोकरी सोडू नका. शेजारच्या हॉटेलने दोनशे दिरहम जास्त देऊ केले म्हणून अमिरातीतच दुसरीकडे जायचे असेल, तर एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते आणि तुमच्या भरतीचा खर्च नव्या मालकाने जुन्याला भरून द्यायचा असतो. देश सोडून जायचे असेल तर १४ दिवसांची सूचना लागते. सूचना न देता गेलात तर वर्षभर वर्क परमिट नाकारले जाऊ शकते. राजीनामा ईमेलने पाठवा, त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा आणि व्हिसा रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका.